चौथीनंतरची उतरण

स्मरणिका समितीने ‘शाळेचा इतिहास तुम्हीच लिहा’ म्हणून माझ्याकडे काम सोपवले आणि सोबत चार-पाच जुन्या स्मरणिकाही नमुन्यादाखल दिल्या. सगळ्यांची सुरुवात एकच. कोनशिला कुणाच्या हस्ते, पहिले हेडमास्तर कोण, पहिल्या वर्षी पटावर मुले किती. मी त्या वाचल्या आणि बाजूला ठेवल्या. माझे म्हणणे असे, की माथेरानच्या मराठी शाळेचा इतिहास शाळेच्या खोल्यांत निम्माच सापडतो. उरलेला निम्मा नेरळला उतरणाऱ्या वाटेवर सांडलेला आहे. कारण फार वर्षे आपल्या डोंगरावरचे शिक्षण चौथीला संपत होते, आणि पुढे शिकायचे तर मुलाला घर सोडून खाली जावे लागे. कोण उतरले, कोण उतरू शकले नाही आणि उतरलेल्यांना कोणत्या परीक्षेच्या दारातून आत जावे लागले, हे सांगितल्याशिवाय शाळेचा इतिहास पुरा होत नाही.

माथेरानचा इतिहास सगळ्यांना पाठ आहे. पर्यटकांना घोड्यावर बसवून फिरवताना आपली मुले तो सांगतातच. मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौकच्या बाजूने डोंगर चढून वर आले, जागा त्यांच्या मनात भरली, मागून बंगले उठले, गव्हर्नर एल्फिन्स्टनसाहेबांची स्वारी आली. १९०५ मध्ये नगरपालिका झाली. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने नेरळहून वर येणारी छोटी गाडी सुरू केली. हे सगळे पॉइंटांच्या पाट्यांवर आहे. पाट्यांवर नाहीत ती माणसे वेगळी. डोंगरावर आधीपासून वावरणारे ठाकूर, कातकरी, धनगर. बंगल्यांपाठोपाठ घाटावरून आणि कोकणातून आलेले हमाल, रिक्षा ओढणारे, घोडेवाले, माळी, भिस्ती, न्हावी, धोबी, वाणी. बंगल्यांतली मुले सुट्टीपुरती यायची आणि त्यांच्या शाळा मुंबईत असायच्या. मराठी शाळा होती ती या दुसऱ्या माणसांच्या मुलांची.

आणि ही शाळा चालायची ती पावसाशी आणि हंगामाशी तडजोड करत. शाळेचे वर्ष उघडायचे जूनमध्ये, म्हणजे नेमकी गाडी बंद व्हायची आणि गाव धुक्यात बुडायचे तेव्हा. दप्तरातल्या वह्यांना बुरशी धरायची, भिंतींना ओल यायची, फळ्यावरचा खडू उमटायचा नाही. एप्रिल-मेमध्ये ऊन पडायचे, म्हणजे नेमका हंगाम. तेव्हा मुलगा वर्गात बसला तर घोड्याचा लगाम कोण धरणार? मी स्वतः शिक्षिका म्हणून नोकरी केली त्या काळातही हजेरीपटावर एप्रिलचे रकाने पाहिले की बाजारात गर्दी किती आहे ते खिडकीबाहेर न पाहता सांगता यायचे.

आता चौथीकडे येऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई इलाख्यात मराठी चौथी झाली की वाट दुभंगायची. एक वाट इंग्रजी शाळेची. तिथे इंग्रजी पहिलीपासून सुरुवात करून सात वर्षांनी मॅट्रिक. फी जास्त, पुस्तके महाग, शाळा मोठ्या गावात. दुसरी वाट मराठीतूनच पाचवी, सहावी, सातवी करून ‘व्हर्नाक्युलर फायनल’ला बसण्याची. कागदोपत्री नाव एवढे लांबलचक, पण लोकांच्या तोंडी ती नुसती ‘फायनल’. त्याच्याही आधीच्या पिढीत तिला ‘मुलकी’ म्हणत, कारण ती पास झाली की मुलकी खात्यातल्या कारकुनीचे दार किलकिले व्हायचे. ‘मुलगा मुलकी झाला’ हे वाक्य तेव्हा लग्नाच्या बैठकीत सांगण्यासारखे होते.

मॅट्रिकला आपण आज शाळेची शेवटची परीक्षा समजतो. खरे तर ती शाळेची नव्हतीच. ती विद्यापीठाची होती, विद्यापीठाच्या दारात उभी राहिलेली. मुंबई विद्यापीठाने १८५९ मध्ये ती पहिल्यांदा घेतली तेव्हा १३२ जण बसले आणि २२ जण पास झाले. त्या बावीसांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. म्हणजे शाळेत काय शिकवायचे ते शाळा ठरवत नव्हती, पुढची पायरी ठरवत होती. फायनलचेही तेच. परीक्षेतले विषय साधे, सगळ्या शाळांतले: मराठी वाचन, व्याकरण, निबंध, हिशेब, इतिहास, भूगोल. पण त्या साध्या विषयांच्या मागे कोण उभे होते? कचेरी आणि ट्रेनिंग कॉलेज. तलाठी व्हायचे असेल तर फायनल हवी. प्राथमिक शाळेत मास्तर व्हायचे असेल तर फायनल हवी. फायनल झालेला मुलगा पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात गेला तर पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या वर्षाचा दाखला घेऊन ‘ट्रेंड’ मास्तर व्हायचा, पगारात त्याचा फरक पडायचा आणि गावात मानातही. खेड्यापाड्यांतल्या शाळा ज्यांनी चालवल्या त्यांच्यात मॅट्रिकवाले थोडे आणि फायनलवाले फार होते. मराठी प्राथमिक शिक्षणाची सगळी इमारत या एका परीक्षेच्या खांद्यावर होती म्हटले तरी चालेल, पण आपल्याकडे शिक्षणाचा इतिहास लिहिणारे मॅट्रिकवरच थांबतात. त्यांचे स्वतःचे आजोबा फायनलवाले असले तरी!

परीक्षेत नेमके काय असायचे ते नुसते विषयांच्या नावांनी कळत नाही. मला सातवीत शिकवणारे गुरुजी स्वतः जुन्या फायनलचे. आम्हाला ते दशमानात शिकवत, पण मध्येच त्यांचा जीव जुन्या हिशेबांकडे ओढायचा. एकदा त्यांनी फळ्यावर एकच ओळ लिहिली: तांदूळ साडेसात रुपये मण, तर साडेतेरा शेरांचे किती? आम्ही वहीत खाली-वर आकडे मांडायला लागलो. गुरुजी खिडकीपाशी उभे राहून पाऊस बघत होते. मागे न वळता म्हणाले, ‘‘लिहिताय कशाला? मणाला अडीच रुपये म्हणजे शेराला एक आणा. साडेसातात अडीच किती वेळा? तीन. म्हणजे शेराला तीन आणे. साडेतेरा त्रिक साडेचाळीस. साडेचाळीस आण्यांचे झाले दोन रुपये, आठ आणे, सहा पै. संपलं.’’ मणाचे चाळीस शेर आणि अडीच रुपयांचे चाळीस आणे, हे त्यातले गुपित. ते आम्हाला घरी जाऊन कळले, पण फायनलच्या मुलांना ते झोपेतही माहीत असायला लागे. तोंडी हिशेबाच्या वेळी पाटीला हात लावायचा नाही. परीक्षक प्रश्न टाकणार, मुलाने डोळे वर करून दोन श्वासांत उत्तर द्यायचे. त्यासाठी रोज संध्याकाळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी मोठ्याने म्हणवून घेतली जाई. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आजच्या मुलांना हे शब्द म्हणजे मंत्र वाटतात, आणि त्यांच्या आज्यांना अजून ते पाठ आहेत.

दुसरी गोष्ट मोडीची. फायनल होणाऱ्याला बाळबोध अक्षर सुरेख हवेच, पण मोडीही वाचता आणि लिहिता यायला हवी, कारण जमिनीचे जुने कागद, सावकाराच्या वह्या, पाटील-कुलकर्ण्यांचे दप्तर सगळे मोडीत. बोरूने एका दमात, हात न उचलता ओळ ओढायची. अक्षराला अक्षर जोडलेले, वर आधी मारलेली रेघ. माझ्या गुरुजींची सही अखेरपर्यंत मोडीत होती. आम्हाला ती गांडुळासारखी दिसायची. एका मुलाने तसे बोलूनही दाखवले, आणि त्याला दुपारभर मोडीचा ‘अ’ गिरवावा लागला.

सातवीच्या वर्षभर शाळेवर एका माणसाची सावली असायची, ती म्हणजे डेप्युटीसाहेबांची. शिक्षण खात्याचे डेप्युटी इन्स्पेक्टर येणार म्हटले की अंगण शेणाने सारवले जायचे, नकाशे टांगले जायचे, मास्तरांचे धोतर स्वच्छ व्हायचे. डोंगरावर तर साहेब येणे म्हणजे मोठाच कार्यक्रम, कारण त्यांनाही आमच्यासारखेच चढावे लागे.

परीक्षेला जाणे हीच परीक्षा, असेही दिवस होते. धोंडो केशव कर्वे यांनी आत्मचरित्रात सांगितलेला प्रसंग आमच्या पिढीच्या शिक्षकांना तोंडपाठ असायचा. सप्टेंबर १८७५. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरूडचा हा मुलगा सोबत्यांबरोबर सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी साताऱ्याला निघाला. अंतर सुमारे ११० मैल, मध्ये कुंभार्ली घाट, वर पाऊस. चार दिवस पायपीट करून ते साताऱ्याला पोहोचले. समितीने विचारले, वय किती? सतरा पुरे. पण समोर उभा असलेला किडकिडीत मुलगा समितीच्या अध्यक्षांना सतरा वर्षांचा वाटेना. परवानगी नाकारली. चार दिवस चालून आलेला मुलगा परीक्षेला न बसता परत फिरला. पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन तो पास झाला. पुढे तो मॅट्रिक झाला, एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाला, फर्ग्युसनमध्ये गणिताचा प्रोफेसर झाला.

मुरूड आणि माथेरान यांच्यात समुद्र आणि डोंगर एवढा फरक, पण परीक्षेच्या दाराची गोष्ट तीच. शिकण्याची सोय एका जागी, परीक्षा दुसऱ्या जागी, आणि मधले अंतर ज्याचे त्याने पार करायचे. आपल्याकडे ते अंतर डोळ्यांसमोर दिसायचे. हश्याच्या पट्टीची पायवाट, मग नेरळ, मग आगगाडी. पुण्याला किंवा मुंबईला कुणी नातलग असला तर त्याच्या ओसरीवर पथारी. नसला तर चौथी हीच शेवटची यत्ता. डोंगरावरची किती तरी हुशार मुले त्या वाटेच्या वरच्या टोकाला थांबली, आणि त्यांचा इतिहास लिहायला कुणाला सांगितले जात नाही.

मुलींचे तर विचारूच नका. माझी आई चौथी शिकलेली. वर्गात पहिली यायची असे मामा सांगायचा. पण मुलगी नेरळला उतरवून कुणाच्या घरी ठेवायची, हा विचार आजोबांच्या डोक्यात आलाच नाही, आणि आला असता तरी कुणी मान्य केला नसता. हे लिहिताना मला पुन्हा कर्व्यांचीच आठवण होते. साताऱ्याहून परत पाठवलेल्या त्या मुलाने चाळीस वर्षांनी स्वतःचे दार उभे केले. जपानमधल्या टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती पडली, डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी कल्पना मांडली, आणि १९१६ मध्ये हिंगण्याचे महिला विद्यापीठ सुरू झाले. कुलपती डॉ. भांडारकर, कुलगुरू रँग्लर परांजपे. भांडारकर म्हणजे १८५९ च्या मॅट्रिकच्या पहिल्या बावीसांपैकी एक! विद्यापीठाने आपली स्वतःची प्रवेश परीक्षा घेतली, बोटांवर मोजता येतील इतक्या मुली बसल्या. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी हा विषय मात्र सक्तीचा. गांधीजींनी विद्यापीठाला पाठिंबा दिला, पण सक्तीच्या इंग्रजीवर त्यांचे आणि कर्व्यांचे जमले नाही. पदवीधर बाईला ‘गृहीतागमा’ म्हणायचे आणि त्यापुढची पदवी ‘प्रदेयागमा’. शब्द जड, पण एकदा कळले की गोड. जिने विद्या घेतली ती गृहीतागमा, जी ती देऊ शकते ती प्रदेयागमा. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख रुपये देऊन आईचे नाव विद्यापीठाला जोडले आणि ते आजचे एस.एन.डी.टी. झाले. पण सरकारने या विद्यापीठाला कायद्याने मान्यता दिली ती १९५१ मध्ये. म्हणजे पस्तीस वर्षे त्या मुली अशी परीक्षा देत राहिल्या, जिचा दाखला सरकारी कचेरीत चालेलच असे नव्हते.

पुन्हा आपल्या भागाकडे येऊ. आपला जिल्हा तेव्हा कुलाबा. आपला कर्जत तालुका आधी ठाण्यात होता, १८९१ मध्ये कुलाब्यात आला. कुलाबा म्हणजे मागासलेला, असे मुंबईतले लोक सहज म्हणत. पण याच जिल्ह्यातल्या महाडजवळच्या नात्याचा एक मुलगा, चिंतामण द्वारकानाथ देशमुख, १९१२ मध्ये मॅट्रिकला सगळ्या मुंबई इलाख्यात पहिला आला, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यानेच पटकावली, आणि सहा वर्षांनी लंडनला आय.सी.एस.च्या परीक्षेतही पहिला आला. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री झाले. गावागावांतले हेडमास्तर हे नाव एखाद्या औषधासारखे मुलांना पाजत असत. औषध लागू पडायला घरी थोडे पैसे असावे लागतात, हे हेडमास्तरांनाही माहीत होते.

मधल्या काळात कायदे झाले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या विधेयकाने मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना सक्तीचे शिक्षण लागू करण्याचा अधिकार मिळाला. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांच्या हाती आल्या. त्याच वर्षी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या. ठराव कागदावरच राहिला म्हणून १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपल्याच जिल्ह्यात, महाडला, चवदार तळ्यावर यावे लागले. बाबासाहेब स्वतः १९०७ मध्ये एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झालेले. पाण्याची आणि शाळेची गोष्ट एकाच ठरावात होती, हे सत्याग्रहाच्या भाषणांत बहुधा निसटून जाते.

आता आपल्या शाळेचा सगळ्यांत मोठा विद्यार्थी. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, माथेरानमध्ये १ डिसेंबर १९१२ रोजी जन्मलेले, न्हावी समाजातल्या गरीब घरातले. लहानपणी विठ्ठल, पुढे सगळ्या तालुक्याचे भाई. ते इथेच चौथी शिकले, आणि चौथीनंतर त्यांनाही उतरावे लागले. पुण्यात नात्यातल्या घराचा आधार होता म्हणून ते गेले. तिथे व्हर्नाक्युलर फायनलला बसले आणि विभागात पहिले आले, ही गोष्ट माथेरानमध्ये पिढ्यान्‌पिढ्या अभिमानाने सांगितली जाते. लोक ती सांगताना थोडा सूर बदलतात, माझ्या लक्षात आले आहे. पुढे सिद्धगडावर भाई मारले गेले तो प्रसंग सांगताना आवाज खाली जातो, आणि ‘पुण्यात पहिला आला’ म्हणताना वर. कारण या दुसऱ्या गोष्टीत आपल्या शाळेचाही हात आहे. पुण्यातल्या मुलांच्या बरोबरीने हिशेबाला बसलेला मुलगा पावकी-निमकी शिकला होता तो आपल्या डोंगरावर, बुरशी धरलेल्या वह्यांत.

फायनलला पहिला आलेला मुलगा सहज तलाठी किंवा मास्तर झाला असता, आणि त्यात कमीपणा नव्हता. कोतवाल पुढे शिकत राहिले. मॅट्रिक झाले, कॉलेजात गेले, १९४१ मध्ये कायद्याची पदवी घेतली. म्हणजे तिशीला टेकलेला, संसारात पडलेला माणूस अजून परीक्षा देत होता. नगरपालिकेतही ते निवडून गेले, उपाध्यक्ष झाले. वकील झाल्यावर मुंबईत पाटी लावण्याऐवजी त्यांनी माथेरान आणि कर्जत तालुक्यातल्या गरिबांची बाजू घेतली. सावकाराच्या पाशातून कूळ कसे सुटेल, हा त्यांचा पहिला विषय. अडचणीच्या महिन्यांत शेतकऱ्याला धान्य उसने मिळावे म्हणून त्यांनी धान्यकोठी काढली. ज्याने मण-शेरांचे हिशेब तोंडी केले आहेत, त्यालाच कळते की उसन्या चार शेरांचे सावकाराच्या वहीत पाच कसे होतात. ती वही मोडीत असायची. फायनलवाल्याला ती वाचता यायची, आणि कुळाला नाही.

आणि त्यांनी शाळा काढल्या. कर्जत तालुक्यात, स्वयंसेवकांच्या बळावर, ४२ शाळा. मला या आकड्याची गंमत वाटते आणि थोडी भीतीही. माथेरानमध्ये चौथीपुढची एक खोली मिळायला एका पिढीला जन्म काढावा लागला, आणि या माणसाने पाड्यापाड्यांवर बेचाळीस जागी पाटी-पेन्सिल पोहोचवली. ज्याला स्वतःला शिकायला खाली जावे लागले, त्याने शाळा उलट दिशेने नेली, जिथे मुले होती तिथे. भाईंच्या चरित्रात या शाळांना एक-दोन ओळी मिळतात आणि बाकीची पाने स्वातंत्र्यलढ्याला, हे मला एका शिक्षिकेच्या नजरेने नेहमी खटकले आहे.

लढा मात्र खराच मोठा. ऑगस्ट १९४२ च्या ‘चले जाव’नंतर भाई भूमिगत झाले, त्यांच्या ‘आझाद दस्ता’ या गटाने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडायला सुरुवात केली. खोपोलीचे टाटांचे वीजघर १९१५ चे, भिवपुरीचे १९२२ चे. दोन्ही आपल्याच भागात, आणि त्यांच्या तारा आपल्या शेतांवरून मुंबईकडे जात. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात किती तरी मनोरे आडवे झाले. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी वेढा घातला आणि भाई कोतवाल आणि हिराजी पाटील धारातीर्थी पडले. भाई तेव्हा तीस वर्षांचे होते. वकिलीच्या सनदेची शाई अजून ओली म्हणावी अशी.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. १९४९ मध्ये मॅट्रिकच्या जागी एस.एस.सी. आली, परीक्षा विद्यापीठाच्या हातून बोर्डाकडे गेली. ‘व्हर्नाक्युलर’ हा शब्द गेला, काही वर्षे सातवीची परीक्षा वेगळ्या नावाने राहिली, मग तीही ओसरली. मोडी गेली. १९५७ मध्ये नवे पैसे आले आणि गुरुजींचे आणे-पै एका रात्रीत जुने झाले. त्याच सुमारास मणाच्या जागी किलो आला. त्या गुरुजींनी अडीच रुपयांचा आडाखा किलोसाठी बसवून पाहण्याचा खूप प्रयत्न केला. बसेना. चिडून म्हणाले, ‘‘दशमानात गंमतच नाही!’’

डोंगरावर पुढच्या यत्ता येत गेल्या, हायस्कूल झाले, आणि चौथीला संपणारा रस्ता लांबत गेला. माझा भाऊ दहावीपर्यंत इथेच शिकला आणि मग पुण्याला जाऊन बी.एस्सी. झाला. निकाल कळवायला तो आजीकडे गेला. आजी तेव्हा ऐंशीच्या घरात, ऐकू कमी यायचे. तिने पेढा हातात घेतला, पण तोंडात घातला नाही. म्हणाली, ‘‘बी.एस्सी. ते राहू दे रे. फायनल झालास का?’’

भावाने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि मग वाकून तिच्या कानात म्हणाला, ‘‘झालो आजी. पहिला आलो.’’ तेव्हा कुठे तिने पेढा खाल्ला.